लघु लेसर कोरणी यंत्र

लघु लेसर कोरणी यंत्र किंवा लेसर एन्ग्रेव्हर हे संगणकाच्या नियंत्रणाखाली लेसर शलाका फिरवून पदार्थाच्या पृष्ठभागावर अक्षरे, चित्रे व नक्षी कोरणारे, तसेच पातळ पदार्थ कापणारे, टेबलावर मावेल एवढे यंत्र आहे. लाकूड, पुठ्ठा, चामडे, ॲक्रिलिक, रबर, कापड, पाटीचा दगड, काच आणि काही धातू यांवरील हस्तकलेच्या कामांत त्याचा उपयोग होतो. पटाशी किंवा छिन्नीप्रमाणे येथे हत्याराचा पदार्थाला स्पर्श होत नाही. शलाकेची ऊर्जा पदार्थात शोषली जाते आणि तिच्या उष्णतेने पदार्थ जळतो, वितळतो, बाष्परूप होतो किंवा त्याचा रंग बदलतो. म्हणूनच कामाचा परिणाम यंत्राच्या वॅटपेक्षा समोरच्या पदार्थावर अधिक अवलंबून असतो. निळ्या शलाकेचे एकच यंत्र शिवणीच्या फळीवर स्वच्छ तपकिरी रेषा उमटवते, पारदर्शक ॲक्रिलिकवर काहीच उमटवत नाही आणि रेक्झिनमधून विषारी वायू बाहेर काढते.

इतिहास

पहिला कार्यक्षम लेसर अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत माणकाचा स्फटिक वापरून तयार केला. लाकूड व ॲक्रिलिक कापणाऱ्या यंत्रांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असलेला कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी विकसित केला. पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामती येथे झाला आणि अभियांत्रिकीची पदवी त्यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून घेतली. १९९६ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. कापडाच्या कारखान्यापासून पत्रिका छापणाऱ्याच्या दुकानापर्यंत आज दिसणाऱ्या वायुनलिकेच्या लेसर यंत्रांचा उगम या संशोधनात आहे.

घरगुती यंत्रांत मुख्यतः वापरला जाणारा निळा लेसर मात्र वेगळ्या वाटेने आला. गॅलियम नायट्राइडवर आधारित निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा अर्धवाहक लेसर जपानच्या निचिया या कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास साध्य केला. पुढे प्रोजेक्टरसाठी अशा शक्तिशाली निळ्या डायोडांचे उत्पादन होऊ लागले आणि ते हौशी कारागिरांच्या आवाक्यात आले. त्याच काळात त्रिमितीय मुद्रकांमुळे स्टेपर मोटर, दाती पट्टे व ॲल्युमिनियमचे रूळ स्वस्त झाले होते. अर्डुइनो फलकावर चालणारी जीआरबीएल ही मुक्त नियंत्रण प्रणालीही उपलब्ध होती. टेबलावरील लेसर यंत्र हे या तयार घटकांच्या जुळणीतून निर्माण झाले.

रचना व प्रकार

यंत्राच्या चौकटीत लेसरचे शीर्ष आडव्या व उभ्या अशा दोन अक्षांवर सरकते. संगणकावरील आज्ञावली चित्राचे रूपांतर हालचालीच्या व शलाकेची तीव्रता कमी-जास्त करण्याच्या सूचनांत करते आणि नियंत्रक फलक त्या सूचनांनुसार मोटर व लेसर चालवतो. शीर्षातील भिंग शलाका एका बिंदूवर एकवटते. हा बिंदू साधारणपणे ०.१ मिमीच्या आसपास असतो. भिंग आणि पदार्थ यांतील अंतर चुकले की बिंदू पसरतो व रेषा जाड आणि फिकट येते. नवख्या वापरकर्त्याला यंत्राची शक्ती कमी वाटते, तेव्हा पुष्कळदा खरा दोष या अंतराचा असतो.

लघु यंत्रांत तीन प्रकारचे लेसर आढळतात. निळ्या डायोड लेसरची तरंगलांबी सुमारे ४५० नॅनोमीटर असते. अवरक्त लेसरची तरंगलांबी १,०६४ नॅनोमीटर असून तो धातूसाठी वापरतात. कार्बन डायऑक्साइड लेसरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर म्हणजे निळ्या प्रकाशाच्या वीसपटींहून अधिक असते. या लेसरची काचेची नलिका थंड ठेवण्यासाठी तिच्याभोवती पाणी खेळवावे लागते.

खरेदी करताना जाहिरातीतील वॅटचा आकडा तपासून घ्यावा लागतो. यंत्र वीजपुरवठ्यातून घेते ती शक्ती आणि शलाकेतून प्रत्यक्ष बाहेर पडणारी प्रकाशशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका निळ्या डायोडची प्रकाशशक्ती सुमारे ५ ते ६ वॅट असते. १०, २० किंवा ४० वॅटच्या यंत्रांत अनेक डायोडांच्या शलाका एकत्र केलेल्या असतात. काही विक्रेते विजेच्या वापराचा मोठा आकडा ठळक छापतात आणि प्रकाशशक्ती बारीक अक्षरांत देतात.

वेग, शक्ती व रेषांतर

पदार्थाला किती उष्णता मिळेल हे शक्ती आणि वेग या दोहोंवर ठरते. १० वॅटची शलाका सेकंदाला १०० मिमी वेगाने सरकली, तर रेषेच्या प्रत्येक मिलिमीटरला ०.१ ज्यूल ऊर्जा मिळते. वेग निम्मा केला की ती दुप्पट होते. कोरताना रेषा शेजारी शेजारी ओढल्या जात असल्याने दोन रेषांमधील अंतरही महत्त्वाचे असते. ०.१ मिमी अंतर ठेवल्यास १०० मिमी बाजूच्या चौरसासाठी १,००० रेषा, म्हणजे एकूण १०० मीटर लांबी ओढावी लागते. वरील वेगाने त्याला वळणांचा वेळ सोडून सुमारे १७ मिनिटे लागतात. लहान दिसणाऱ्या नामफलकाला अर्धा तास का लागतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

प्रत्येक नव्या पदार्थाच्या तुकड्यावर आधी चाचणी-जाळी कोरण्याची पद्धत आहे. तीत एका दिशेने शक्ती व दुसऱ्या दिशेने वेग बदलत जाणारे लहान चौकोन कोरतात आणि त्यांतून योग्य छटा निवडतात. एका यंत्रावरचे आकडे दुसऱ्या यंत्राला लागू पडतीलच असे नाही. लाकडाच्या बाबतीत तर त्याच झाडाच्या दुसऱ्या फळीलाही ते लागू पडत नाहीत.

कापताना शलाका स्वतःच्या रुंदीएवढा पदार्थ नाहीसा करते. ही चीर साधारण ०.१ ते ०.३ मिमी असते. एकमेकांत बसणाऱ्या खाचांच्या पेटीचे आरेखन करताना ती हिशेबात धरली नाही, तर सांधे सैल होतात.

लाकूड, बांबू व पुठ्ठा

लाकूड हा या यंत्राचा सर्वांत सोयीचा पदार्थ आहे. निळी आणि दीर्घ अवरक्त अशा दोन्ही शलाका ते चांगल्या शोषते. उष्णतेने त्यातील सेल्युलोज व लिग्निन यांचे विघटन होऊन पृष्ठभाग तपकिरी ते काळा होतो. फिकट व एकसारख्या पोताच्या लाकडावर उठाव उत्तम येतो. शिवण, बर्च, मेपल ही त्याची उदाहरणे. शिसम मुळातच गडद असल्याने त्यावर अक्षरे खोल कोरली तरी दुरून वाचता येत नाहीत. पाइनच्या फळीत मऊ व कठीण वलयांचे पट्टे असतात. मऊ पट्टा खोल जळतो, कठीण पट्टा उंच राहतो आणि सपाट चित्रातही आपोआप लाटा दिसू लागतात. काहींना हा दोष वाटतो, तर काही कारागीर तो मुद्दाम वापरतात.

प्लायवूडमध्ये अडचण गोंदाची असते. आतल्या थरात गाठ किंवा गोंदाचा जाड डाग असल्यास शलाका तेवढ्याच जागी अडकते आणि बाकी सर्व कापले जाऊन एक कोपरा चिकटून राहतो. एमडीएफ एकजिनसी असल्याने त्यावर कोरीवकाम नीट होते, परंतु त्याच्या बांधणीत सामान्यतः युरिया-फॉर्माल्डिहाइड राळ असल्याने धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो. धुराचे डाग टाळण्यासाठी पृष्ठभागावर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यासकट कोरण्याचा आणि शेवटी ती सोलून काढण्याचा उपाय प्रचलित आहे. शलाकेच्या जागी हवेचा झोत सोडल्यास धूर बाजूला जातो, ज्योत धरत नाही आणि चीर खोल जाते.

कागद व पुठ्ठा यांवरील जाळीदार कापकामाचा उपयोग लग्नपत्रिका, आकाशकंदील आणि सजावटीच्या वस्तूंसाठी होतो. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातल्यानंतर गणेशोत्सवात पुठ्ठा, प्लायवूड व एमडीएफ यांचे लेसरने कापलेले सुटे भाग जोडून उभारायच्या मखरांना वाव मिळाला. हे भाग सपाट ठेवता येतात आणि पुढील वर्षी पुन्हा जोडता येतात.

चामडे आणि चामड्यासारखे दिसणारे

वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे लेसरला अनुकूल असते. बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले चामडे या वर्गात मोडते. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल याच चामड्याची असते. त्यावर मंद शक्तीने कोरल्यास खोल तपकिरी रंगाची रेषा उमटते. काम चालू असताना केस जळाल्यासारखा वास येतो व तो वस्तूत काही दिवस राहतो. फार शक्ती दिल्यास चामडे आक्रसते आणि कडा वर वळतात. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्यावर रेषा करडी व अस्पष्ट येतेच, शिवाय धुरात व राखेत क्रोमियमची घातक संयुगे येण्याचा धोका असतो.

खरा धोका मात्र नकली चामड्याचा आहे. बाजारात रेक्झिन म्हणून मिळणारे कापड बहुधा पीव्हीसीचा लेप दिलेले असते. पॉलियुरेथेनचा लेप असलेले कापडही दिसायला तसेच असते. पाकिटे, वह्यांची वेष्टने, पट्टे यांवर नाव कोरून देण्याची मागणी मोठी असल्याने हा पदार्थ यंत्राखाली सहज येतो. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते. तापवल्यावर ते हायड्रोजन क्लोराइडच्या रूपात बाहेर पडते. हा वायू हवेतील ओलाव्याशी मिसळून हायड्रोक्लोरिक आम्ल बनतो, श्वसनमार्गाला इजा करतो आणि यंत्राचे रूळ, स्क्रू व विजेच्या जोडण्या गंजवतो. पदार्थ कापला जातो, कामही नीटनेटके दिसते आणि त्यामुळेच चूक लक्षात येण्यास वेळ लागतो. जाहिरात फलकांसाठी वापरले जाणारे सनबोर्ड आणि चिकट व्हिनाइल हे पदार्थही सामान्यतः पीव्हीसीचेच असतात.

संशय असल्यास बाइलश्टाइन चाचणी करता येते. तांब्याची तार ज्योतीत लाल करून पदार्थाला टेकवतात आणि तिला लागलेला अंश पुन्हा ज्योतीत धरतात. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीनसारखे हॅलोजन मूलद्रव्य असण्याची शक्यता असते व तो पदार्थ यंत्रात घालू नये. चाचणीत निघणारा धूरही अपायकारक असल्याने ती अगदी लहान तुकड्यावर आणि उघड्या हवेत करतात.

ॲक्रिलिक

शलाकेच्या तरंगलांबीचा परिणाम ॲक्रिलिकमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. कार्बन डायऑक्साइड लेसरची शलाका पारदर्शक ॲक्रिलिक पूर्णपणे शोषते. कापलेली कड काचेसारखी गुळगुळीत व चकचकीत येते. निळी शलाका मात्र त्याच तक्त्यातून खिडकीतून ऊन जावे तशी निघून जाते आणि खालचे लाकूड जाळते. निळे पारभासक ॲक्रिलिकही निळ्या शलाकेला वाट देते. काळे, तांबडे, नारिंगी ॲक्रिलिक ती शोषते, म्हणून डायोड यंत्राने या रंगांचे तक्ते कापता येतात. पांढऱ्या अपारदर्शक तक्त्यात बराचसा प्रकाश विखुरला जाऊन परत फिरतो, त्यामुळे तेथेही डायोड यंत्र कमी पडते.

साच्यात ओतून केलेले आणि यंत्रातून दाबून काढलेले असे ॲक्रिलिकचे दोन प्रकार आहेत. पहिल्यावर कोरलेला भाग दुधी पांढरा होतो, दुसऱ्यावर तो जवळजवळ पारदर्शक राहतो. दिव्याच्या पाटीसाठी चुकीचा तक्ता आणला तर अक्षरे उजळत नाहीत. ॲक्रिलिक तापल्यावर त्यातून निघणारी मिथाइल मेथॅक्रिलेटची वाफ ज्वलनशील असते. संथ गतीने जाड तक्ता कापताना तळाशी लहान ज्योत टिकून राहणे हे लेसर यंत्रांना लागणाऱ्या आगींचे एक नेहमीचे कारण आहे.

काच, दगड व फरशी

काचेतून निळा व १,०६४ नॅनोमीटरचा प्रकाश आरपार जातो, तर कार्बन डायऑक्साइड लेसरचा प्रकाश पृष्ठभागीच शोषला जातो. त्या उष्णतेने काचेत सूक्ष्म तडे पडून धुरकट पांढरी खूण उमटते. तडे एकसारखे यावेत म्हणून काचेवर ओला कागद चिकटवतात. डायोड यंत्राने काच कोरायची असल्यास तिच्यावर काळा रंग किंवा टायटॅनियम डायऑक्साइडयुक्त पांढरा रंग द्यावा लागतो. प्रकाश रंगात शोषला जातो आणि उष्णता काचेला मिळते. याच युक्तीने पांढऱ्या चकचकीत फरशीवर छायाचित्रे उमटवतात. फरशीला पांढरा रंग देऊन कोरल्यावर शलाका पडलेल्या जागी रंग झिलईत घट्ट बसतो व काळा होतो. उरलेला रंग द्रावकाने पुसून टाकतात.

पाटीचा दगड निळ्या शलाकेनेही सहज कोरला जातो व करड्या-पांढऱ्या रेषा देतो. काळ्या ग्रॅनाइटवर स्मृतिशिळांची चित्रे कोरली जातात, परंतु तेथे खोली नगण्य असते.

धातू

घासलेला किंवा चकाकणारा धातू बहुतांश प्रकाश परत फेकतो आणि शोषलेली उष्णता झपाट्याने पसरवतो. त्यामुळे लघु डायोड यंत्राने ॲल्युमिनियम, तांबे किंवा पितळ खरे कोरता येत नाही. रंगवलेल्या धातूवर दिसणारे काम बहुधा लेपाचे असते. पावडर लेप दिलेल्या बाटलीवरील लेप जळून खालचे पोलाद उघडे पडते. ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडच्या थरातील रंग उडून पांढरी खूण राहते.

स्टेनलेस पोलाद याला काहीसे अपवाद आहे. १० वॅट किंवा अधिक शक्तीच्या डायोडने त्यावर ऑक्साइडचा पातळ थर तयार होऊन गडद अक्षरे उमटतात. अवरक्त लेसरने हे काम अधिक नेमके होते. महाराष्ट्रात लग्नाच्या किंवा वास्तुशांतीच्या आहेराच्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची रीत जुनी आहे. भांड्यांच्या दुकानात ते काम हातोडी-छिन्नीच्या ठिपक्यांनी किंवा कंप पावणाऱ्या विजेच्या लेखणीने केले जाते. ठिपक्यांचे नाव धातूतच खोलवर बसते व वर्षानुवर्षे घासले तरी टिकते. लेसरने उमटवलेले ऑक्साइडचे नाव अधिक सुबक असले, तरी तारेच्या घासणीपुढे ते तेवढे टिकत नाही. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यावर तर जुनी पद्धतच अधिक भरवशाची ठरते. लेपाची अक्षरे असलेले भांडे चुलीवर किंवा जेवणासाठी वापरू नये.

रबर व कापड

शिक्क्यासाठी खास लेसर-रबर मिळते. त्यावर अक्षरे उलटी कोरून मधला भाग खोदला जातो आणि अक्षरे उंच ठेवली जातात. खोदकाम बरेच असल्याने धूळ व दुर्गंधी पुष्कळ निघते. सुती कापड कडेला जळून तपकिरी होते, तर पॉलिस्टरची कड वितळून बंद होते व धागे सुटत नाहीत. डेनिमवर कमी ऊर्जा दिल्यास नीळ उडते व सुताला फारशी इजा होत नाही. कारखान्यांत जीन्सवर फिकट पट्टे याच तत्त्वाने काढतात.

वर्ज्य पदार्थ

पीव्हीसीखेरीज आणखी काही पदार्थ टाळले जातात. टेफ्लॉनसारख्या फ्लोरीनयुक्त प्लास्टिकमधून हायड्रोजन फ्लोराइड निघू शकतो. एबीएस प्लास्टिक कापले जाण्याऐवजी वितळते आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असू शकतो. पॉलिकार्बोनेट पिवळे पडते व काजळी धरते, आणि ते ॲक्रिलिकसारखेच दिसत असल्याने फसगत होते. थर्माकोल क्षणात वितळून पेट घेतो. काच किंवा कार्बन तंतूंच्या राळयुक्त तक्त्यांतून सूक्ष्म तंतू व विषारी धूर बाहेर पडतो.

डोळे, धूर व आग

आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६०८२५-१ या मानकानुसार अर्धा वॅटहून अधिक शक्तीची सतत शलाका चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडते. उघड्या चौकटीची बहुतेक सर्व लघु यंत्रे या वर्गातील असतात. ४५० व १,०६४ नॅनोमीटरचा प्रकाश बुबुळातून आत जाऊन दृष्टिपटलावर एकवटतो. डोळा मिटण्यास सुमारे पाव सेकंद लागतो आणि तेवढ्यात कायमची इजा होऊन चुकते. १,०६४ नॅनोमीटरचा प्रकाश दिसतच नसल्याने डोळा मिटण्याची प्रतिक्रियाही होत नाही. कार्बन डायऑक्साइड लेसरचा प्रकाश दृष्टिपटलापर्यंत पोहोचत नाही, पण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला तो भाजतो. शलाका थेट डोळ्यात जाण्याचीच गरज नसते. चकचकीत धातूच्या तुकड्यावरून उसळलेला प्रकाशही पुरेसा असतो.

संरक्षक चष्मा विशिष्ट तरंगलांबीसाठीच बनवलेला असतो. पारदर्शक ॲक्रिलिकची खिडकी कार्बन डायऑक्साइड लेसर अडवते, परंतु निळ्या लेसरपुढे ती निरुपयोगी असते. त्यामुळे एका यंत्राचा चष्मा दुसऱ्या यंत्राजवळ वापरल्यास सुरक्षिततेचा केवळ भास होतो. चष्म्यावर तरंगलांबी व प्रकाशघनता छापलेली नसल्यास तो वापरण्यायोग्य मानत नाहीत. शलाका बंद पेटीत राहील आणि झाकण उघडताच लेसर थांबेल अशी रचना असलेली यंत्रे पहिल्या वर्गात येतात. शाळांतील व सार्वजनिक कार्यशाळांतील मुलांसाठी अशीच यंत्रे योग्य आहेत.

धूर पंख्याने नळीवाटे खोलीबाहेर सोडावा लागतो. केवळ खिडकी उघडी ठेवणे पुरत नाही, कारण लाकडाच्या धुरातील सूक्ष्म कण खोलीत तरंगत राहतात. यंत्र चालू असताना तेथून उठून जाऊ नये, हा नियम बहुतेक उत्पादक पुस्तिकेत पहिल्या पानावर देतात, तरीही लांबलचक कामात तोच सर्वाधिक मोडला जातो. जवळ कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक ठेवतात. पावडरीचे अग्निशामक आग विझवते, पण रूळ, पट्टे व भिंग निकामी करते. भिंगावर काजळी साचल्यास ती शलाकेची ऊर्जा स्वतःच शोषू लागते. प्रथम कापण्याची खोली घटते आणि दुर्लक्ष केल्यास भिंग तापून तडकते. यासाठी काही तासांच्या कामानंतर ते आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने हलक्या हाताने पुसतात.